सहावा ग्रुप

मागच्या अंकात कोहा या मुक्त ग्रंथालय-प्रणालीबद्दल लिहिलं होतं. वाटलं होतं, पत्रं येतील ती बारकोड आणि बॅकअपबद्दल. आली ती माणसांबद्दल. कोण कुठल्या ग्रुपात आहे, जुनं उत्तर कुठे गेलं, ग्रुपचा ॲडमिन नक्की कोण. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलंय.

ज्यांनी कोहा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पुस्तकांची देवघेव, सूची, सभासदांच्या नोंदी हे सगळं सांभाळणारी ही प्रणाली १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी लिहिली गेली. जानेवारी २००० पासून ती वापरात आहे आणि तिचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. परवान्याचे पैसे नाहीत, म्हणून आपल्याकडच्या कॉलेजांना ती परवडते. पण विकत घेतलेली नाही, त्यामुळे काही अडलं तर फोन करून झापायला कंपनीही नाही. मदत करायची ती एकमेकांनीच.

प्रश्न : ताई, खान्देशातले आम्ही बरेच ग्रंथपाल आता कोहा वापरतो. जळगावचा व्हॉट्सॲप ग्रुप वेगळा, धुळे-नंदुरबारचा वेगळा. एका प्रशिक्षणानंतर टेलिग्रामवर तिसरा झाला. पुण्याला नोकरीला लागलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी डिस्कॉर्ड उघडलं. दोघं-तिघं कोहाच्या जागतिक मेलिंग लिस्टवर आहेत. एकच प्रश्न पाच ठिकाणी येतो आणि उत्तरं पाच तऱ्हेची मिळतात. सगळ्यांना एकाच ठिकाणी आणायचं म्हणून मी नवा ग्रुप काढला. जुने पाच बंद झाले नाहीत, हा सहावा झाला. आता काय करू?
— ग्रंथपाल, शिरपूर

उत्तर : सर, तुमचा सहावा ग्रुप मलाही आला आहे. मी तो म्यूट केलाय, राग मानू नका.

माणसं एका जागी येणार नाहीत, हे आधी मान्य करून टाका. धडगावच्या मॅडमना रेंज मिळते तेवढ्यात व्हॉट्सॲपच उघडतं. पुण्याची पोरं दिवसभर डिस्कॉर्डवर पडीक असतात, ती आपल्यासाठी दुसरं ॲप उघडणार नाहीत. आपल्यातले काही ज्येष्ठ ग्रंथपाल ई-मेलशिवाय कशालाच गंभीर मानत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतंही. जो जिथे बसलाय तिथे त्याला बसू द्या. गप्पा पाच ठिकाणी झाल्या तर काही बिघडत नाही. बिघडतं कधी, तर ठरलेली गोष्ट पाच ठिकाणी वेगवेगळी ठरते तेव्हा.

अहिराणी पुस्तकांचंच बघा. अहिराणीतल्या पुस्तकाची नोंद करताना भाषेचा संकेत काय द्यायचा, यावर आपल्याकडे मागे चर्चा झाली. टेलिग्रामवरच्या लोकांनी ठरवलं की मार्क या नोंदींच्या ठरलेल्या साच्यातल्या ०४१ या क्षेत्रात, आयएसओ ६३९-३ या भाषासंकेतांच्या जागतिक यादीतला अहिराणीचा संकेत ‘एएचआर’ घालायचा, दुसरा इंडिकेटर ७ ठेवायचा आणि कुठल्या यादीतला संकेत आहे तेही उपक्षेत्र २ मध्ये लिहायचं. अगदी योग्य. पण हे जळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत पोचलंच नाही. तिथे सगळ्यांनी सरळ मराठीचा ‘एमएआर’ घातला. धुळ्याकडे काहींनी भाषेची जागा रिकामी ठेवून टीपेत ‘अहिराणी’ एवढंच लिहिलं. उद्या तिन्ही जिल्ह्यांची एकत्र सूची करायची झाली आणि कुणी ‘खान्देशात अहिराणी पुस्तकं किती?’ असं विचारलं, तर संगणक तीन उत्तरं देईल आणि तिन्ही चुकीची असतील. भांडण कुणाचंच नव्हतं. निरोप गेला नाही, एवढंच.

दुसरं उदाहरण रोजचं आहे. ‘ओपॅकवर (वाचकांसाठीच्या संगणक-सूचीत) देवनागरीत शोधलं की पुस्तक सापडत नाही’, हा प्रश्न प्रत्येक ग्रुपात दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो. उत्तर माहीत असलेले लोक आपल्यात भरपूर आहेत: झेब्रा ही कोहाची शोधयंत्रणा मुळात रोमन अक्षरांच्या हिशेबाने लावलेली असते. तिला आयसीयूचे, म्हणजे सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या युनिकोड संचाचे, नियम लावायचे आणि अनुक्रमणिका पुन्हा पूर्ण बांधायची. पण उत्तर देणारा सांगतो टेलिग्रामवर आणि विचारणारा बसलेला असतो व्हॉट्सॲपवर. चौथ्यांदा तोच प्रश्न आला की जाणता माणूस गप्प बसतो. नव्याने आलेल्याला वाटतं, इथे कुणी मदतच करत नाही. दोघांचंही बरोबर असतं, म्हणून तर हे दुखणं जुनं होतं.

कोहाच्या जागतिक मंडळींनी हे कसं सोडवलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांच्याही गप्पा विखुरलेल्याच आहेत. आयआरसीवर, म्हणजे जुन्या धाटणीच्या लेखी गप्पांच्या खोल्यांत, बोलणं चालतं, मेलिंग लिस्ट आहे, संमेलनात भेटी होतात. पण काम ज्याचं व्हायचं त्याला बगझिलात, म्हणजे त्यांच्या बिघाड-दुरुस्तीच्या नोंदवहीत, नंबर मिळतो. नंबर नाही तर ते काम अस्तित्वातच नाही. गप्पांमध्ये कुणी नुसता तो आकडा लिहिला की सगळ्यांना कळतं कशाबद्दल चाललंय. दुरुस्ती एकाने लिहिली की दुसऱ्याने ती चालवून पाहून सही द्यायची, मग गुणवत्ता तपासणाऱ्याने पाहायची, मग ती मुख्य कोडमध्ये जायची. हे सगळे टप्पे त्या एका नंबराखाली, तारखेसकट, कुणालाही वाचता येतील असे. मराठी विकिपीडियावरही हीच रीत आहे. २००३ पासून तो चालू आहे, संपादक एकमेकांशी कुठे कुठे बोलत असतील, पण सगळ्यांशी संबंधित गोष्ट ‘चावडी’ या पानावर यावी लागते. जुन्या चर्चा तिथेच जपलेल्या असतात.

आपण ग्रंथपाल आहोत, आपल्याला हे शिकवायला बाहेरचं कुणी कशाला हवं? पुस्तक वाचनकक्षात असेल, बाइंडिंगला गेलं असेल, नाहीतर एखाद्या प्राध्यापकांच्या कपाटात वर्षभर अडकलं असेल. दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक एकच असतो. प्रश्नांची तशी नोंदवही करा.

साधी करा. एक सामायिक शीट, सगळ्यांना वाचता येईल अशी, लिहिण्याचा हक्क पाच-सहा जणांना. रकाने एवढेच: क्रमांक, प्रश्न, उत्तर, कोहाची आवृत्ती, कुणी करून पाहिलं, तारीख. आवृत्तीचा रकाना गाळू नका. कोहाची नवी मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये निघते आणि वर्ष-महिना हेच तिचं नाव असतं: २४.०५, २४.११ असं. १८.११ वरचं उत्तर २४.०५ वर चालेलच असं नाही. आपल्या ग्रुपांमध्ये निम्मे घोळ जुनं उत्तर नव्या यंत्रावर चालवल्यामुळे होतात. आमचे पुणेकर म्हणतील, शीट कशाला, गिटवर (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवा. ठेवू ना. पण आधी ग्रंथपालाला लिहायची सवय लागू दे. दर महिन्याला शीटची एक प्रत गिटहब किंवा कोडबर्ग या सार्वजनिक साइटवर चढवायचं काम त्या पोरांनाच द्या, त्यांना आवडेल आणि शोधणाऱ्यांना ते बाहेरूनही सापडेल.

आता निरोप्या. हा माणूस लागतोच, त्याला पर्याय नाही. पण पाचही ग्रुपांत बसणारा एकच माणूस नेमू नका. तो दिवाळीपर्यंत थकतो आणि नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) तारीख लागली की गायबच होतो. प्रत्येकाने दोनच ग्रुप सांभाळायचे: आपला आणि शेजारचा. जळगाव व्हॉट्सॲपवरच्या मॅडम टेलिग्रामही वाचतील, टेलिग्रामवाले सर डिस्कॉर्डही पाहतील. साखळी झाली की पुरे. आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी म्हणा, पाच ओळींचा निरोप सगळीकडे एकसारखा जाईल: या आठवड्यात कुठले प्रश्न आले, कुठले सुटले, कुठल्या प्रश्नाला अजून उत्तर हवंय. प्रत्येकापुढे नोंदवहीतला क्रमांक.

आणि सगळ्यांना लागू होणारी गोष्ट, त्या अहिराणी संकेतासारखी, पाचही ठिकाणी आठ दिवस राहिल्याशिवाय ‘ठरली’ म्हणायची नाही. हा नियम कडक वाटेल. पण आठ दिवसांत धडगावलाही एकदा तरी रेंज येते.

तुमचा सहावा ग्रुप मात्र बंद करू नका. तो फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा करा आणि सोमवारचा निरोप तिथेही टाका. मी म्यूट काढते.

प्रश्न : मॅटरब्रिज नावाचं मुक्त सॉफ्टवेअर लावलं की एका ग्रुपातला मेसेज आपोआप दुसऱ्या ग्रुपात जातो, असं वाचलं. आमच्या लॅबमध्ये एक जुना सर्व्हर रिकामा आहे. लावून टाकू का? मग निरोप्याची गरजच उरणार नाही.
— प्रयोगशाळा सहायक, धुळे

उत्तर : लावा, पण थोड्या ठिकाणी. टेलिग्राम, डिस्कॉर्ड, आयआरसी, मॅट्रिक्स ही गप्पांची ठिकाणं एकमेकांना जोडायला मॅटरब्रिज चांगलं आहे. टेलिग्रामचा बॉट (आपोआप चालणारं खातं) लावताना एक गोष्ट हमखास अडते. बॉटला सुरुवातीला ग्रुपातले सगळे मेसेज दिसतच नाहीत, फक्त त्याला उद्देशून दिलेल्या आज्ञा दिसतात. टेलिग्रामच्याच ‘बॉटफादर’ या खात्याकडे जाऊन त्याचा प्रायव्हसी मोड बंद करावा लागतो आणि बॉटला ग्रुपातून काढून पुन्हा घ्यावं लागतं. हे केलं नाही तर तुम्ही रात्रभर लॉग वाचत बसाल.

व्हॉट्सॲपला पूल बांधू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे असे पूल अनधिकृत मार्गाने चालतात, कंपनीच्या अटींत ते बसत नाही आणि ज्या नंबरवरून पूल चालवाल तो नंबरच बंद होऊ शकतो. कॉलेजचा अधिकृत नंबर त्यात घालवलात तर प्राचार्यांना काय सांगाल? व्हॉट्सॲपसाठी हाडामांसाचा निरोप्याच बरा.

पुलावरून जाताना मेसेजचं काय काय सांडतं तेही माहीत असू द्या. मूळ मेसेज नंतर सुधारला किंवा पुसला तर पलीकडे जुनाच राहू शकतो. कुणाला दिलेलं उत्तर पलीकडे नुसतं सुटं वाक्य होऊन पडतं. फोटो आयआरसीवर तसा जातच नाही, त्याची लिंक करावी लागते. मराठीला तर आणखी एक फटका आहे. आयआरसीचा एक मेसेज ५१२ बाइटांचा, त्यात पत्ता-बित्ता सगळं आलं. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकाच्या अक्षर-संकेतात ३ बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात. म्हणजे इंग्रजीत चारशेच्या वर अक्षरं बसतात तिथे आपली साधारण दीडशे चिन्हं बसतात. आपल्या लोकांना ‘नमस्कार सर, आपण सर्व कुशल असाल’ इथून सुरुवात करायची सवय. प्रश्न येईस्तोवर मेसेज तुटलेला असतो.

आणि पूल कायमचा समजू नका. मॅट्रिक्स आणि लिबेरा चॅट या आयआरसी जाळ्यामधला मोठा पूल २०२३ मध्ये बंद झाला. त्याच्या भरवशावर बसलेल्या कितीतरी प्रकल्पांना पुन्हा जागा शोधाव्या लागल्या. तुमचा जुना सर्व्हर तर मे महिन्यात लॅबची वीज गेली की झोपणार. पूल पडला तर कुणाच्या लक्षात येईल, एवढं आधी ठरवा. पलीकडून चार दिवस शांतता असली की आपले लोक समजतात, सगळं आलबेल आहे.

प्रश्न : पुण्याचे मित्र म्हणतात स्लॅक घ्या, फुकट आहे. घ्यावं का?
— सहायक ग्रंथपाल, चाळीसगाव

उत्तर : नको. २०२२ पासून स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसत नाहीत. आपले प्रश्न वर्षावर्षाने परत येतात. अशा चर्चेसाठी वेगळी जागा हवीच असेल तर झुलिप पाहा. तेही मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि तिथे गप्पा विषयवार लावलेल्या असतात, त्यामुळे ‘बारकोड’ आणि ‘निरोप समारंभ’ एकत्र कालवले जात नाहीत. पण ती सातवी जागा होईल, हे शिरपूरच्या सरांना सांगू नका.

प्रश्न : मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत कोहातून पुस्तकांची लेबलं छापली की देवनागरी जोडाक्षरं फुटतात. मॅडम म्हणाल्या, हे वर कळव. मी कोहाच्या आयआरसीवर गेलो, ‘हॅलो’ टाकलं. दहा मिनिटं कुणीच बोललं नाही. माझं इंग्रजीही कच्चं आहे. तिथे आपल्यासारख्यांना कुणी विचारतं का?
— विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर : विचारतात रे, पण ‘हॅलो’ला नाही. तिथे दारात उभं राहून हाक मारायची पद्धत नाही, थेट काम सांगायचं. आयआरसीला व्हॉट्सॲपसारखी आठवण नसते हेही लक्षात ठेव. तू खिडकी बंद केलीस की त्यानंतर आलेलं उत्तर तुझ्यापर्यंत पोचत नाही. प्रश्न टाकायचा आणि खिडकी उघडी ठेवून आपलं काम करत राहायचं. तास-दोन तासांनी पाहायचं. नंदुरबारला लाइट गेलीच तर कोहाच्या त्या खोलीतल्या गप्पांची सार्वजनिक नोंद ठेवलेली असते, तिथे जाऊन तारीख पाहून वाच.

वेळही निवड. न्यूझीलंड आपल्या साडेसहा तास पुढे आहे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात. आपण अकराला कॉलेजात पोचतो तेव्हा त्यांची संध्याकाळ असते, लोक घरी निघालेले. युरोपातले बरेच जण आपल्या साडेतीन ते साडेचार तास मागे, म्हणजे आपल्या दुपारी दीड-दोननंतर ते चहा घेऊन कामाला बसतात. तुझं ‘हॅलो’ सकाळी दहाला गेलं असणार.

इंग्रजीची काळजी करू नकोस. तिथे फ्रेंच आहेत, अर्जेंटिनाचे आहेत, सगळेच तोडकंमोडकं लिहितात. छोटी वाक्यं लिही. आधी बगझिलात शोध, कुणी हेच आधी नोंदवलंय का. असेल तर नवा नंबर काढू नकोस, त्याच नंबराखाली लिही की आमच्याकडेही असंच होतं. नसेल तर नवी नोंद कर: कोहाची आवृत्ती, सर्व्हरवर डेबियन आहे की उबुंटू आणि कुठलं, कुठला फाँट, कुठल्या शब्दावर फुटलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. शब्द लिही आणि लेबलाचा फोटोही जोड, कारण बिघाड दिसण्यातच आहे. ‘श्री’, ‘क्षेत्र’, ‘ज्ञानेश्वरी’ असे चार-पाच शब्द दे. ज्या माणसाला देवनागरी वाचता येत नाही त्यालाही फोटोंची तुलना करून फरक दिसेल अशी मांडणी कर.

आणि एक काम असं आहे जे तू आजपासून करू शकतोस. दुसऱ्यांनी लिहिलेल्या दुरुस्त्या तपासून सही देणाऱ्यांची तिथे नेहमीच वानवा असते. त्यासाठी कोड लिहिता यावा लागत नाही. कोहाचे सँडबॉक्स असतात, ब्राउझरमधूनच त्यात ती दुरुस्ती चढवून पाहता येते. तुझ्या मॅडमना शेजारी बसव. देवघेव कशी व्हायला हवी ते त्यांना तुझ्यापेक्षा आणि लिहिणाऱ्यापेक्षाही जास्त कळतं. अशा चार सह्या दिल्यास की पुढच्या वेळी तुझ्या लेबलांकडे लोक आपणहून बघतील. तुझं नाव त्यांच्या ओळखीचं झालेलं असेल.

नंबर मिळाला की तो आपल्या नोंदवहीत टाक. नाहीतर अक्कलकुव्याचं एखादं पोरगं पुढच्या वर्षी तिथे पुन्हा ‘हॅलो’ टाकेल.

प्रश्न : सोमवारचा निरोप वगैरे ठीक आहे, पण ग्रुपात गेलं की माझा नंबर सगळ्यांना दिसतो. एकदा चर्चेत उत्तर दिलं आणि नंतर ओळख ना पाळख अशा एकाचे रात्री फोन सुरू झाले. ग्रुप सोडला. पण काम तर शिकायचंय.
— ग्रंथपाल भगिनी (गाव छापू नये)

उत्तर : ग्रुप सोडलात ते बरोबर केलंत. शिकणं सोडू नका. टेलिग्रामवर नंबर कुणालाच दिसू नये अशी सेटिंग आहे, ती लावा आणि नुसतं वापरकर्ता-नाव ठेवा. मॅट्रिक्सवर तर नंबराचा संबंधच येत नाही. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीत घोषणांचा जो मुख्य ग्रुप असतो त्यात सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. सोमवारचा निरोप तिथून गेला तर तुमच्यासारख्या भगिनींना तो वाचता येईल.

ॲडमिन मंडळींना मात्र खडसावून सांगते. तक्रार आली की त्या माणसाला काढा आणि काढल्याचं बाकीच्या चार ग्रुपांच्या ॲडमिनना कळवा. नाहीतर जळगावातून काढलेला बाबा धुळ्याच्या ग्रुपात साळसूदपणे ‘सुप्रभात’ करत बसतो. इथे विखुरलेपणाचा फायदा फक्त त्यालाच होतो. तक्रार करणाऱ्या बाईचं नाव कुठेही फिरवायचं नाही, नोंदवहीतही लिहायचं नाही.

प्रश्न : आमच्या टेलिग्राम ग्रुपचा ॲडमिन एका खासगी सेवा कंपनीत लागला. आता तो ग्रुपात फक्त स्वतःच्या कंपनीच्या जाहिराती टाकतो आणि दुसऱ्यांच्या लिंक काढून टाकतो. त्याच्याशिवाय कुणी ॲडमिन नाही. मराठी मॅन्युअलच्या साइटचं डोमेनही त्याच्याच नावावर आहे.
— ग्रंथपाल, चोपडा

उत्तर : आधी त्याच्याशी बोला. चांगला पोरगा असेल, सवय बदलली असेल. दुसरा ॲडमिन कर आणि डोमेन दोघांच्या नावाने चालव, असं सरळ म्हणा. नाहीच ऐकलं तर निघा. मॅन्युअलचा मजकूर कुणाकुणाकडे आहे ते पाहून आजच प्रती काढून ठेवा.

निघणं नामुष्कीचं नाही. कोहाचंच उदाहरण घ्या. त्यांचं मूळ संकेतस्थळ आणि त्याचा पत्ता पुढे एका कंपनीच्या हाती गेला, मतभेद झाले आणि २०१० मध्ये जगभरच्या मंडळींनी नवा पत्ता घेऊन सगळा संसार तिकडे हलवला. आज लोक कोहा शोधत जातात ते त्याच नव्या पत्त्यावर. २०२१ च्या मे महिन्यात फ्रीनोड या जुन्या आयआरसी जाळ्याच्या मालकीवरून वाद झाला. ते चालवणारे स्वयंसेवक बाहेर पडले, त्यांनी लिबेरा चॅट उभं केलं आणि बरेच मुक्त प्रकल्प त्यांच्यामागे गेले. दोन्ही वेळा हलणं जमलं, कारण कोड सगळ्यांकडे होता आणि माणसं एकमेकांना त्या खोलीच्या बाहेरही ओळखत होती.

तुमच्या पाचही ग्रुपांत निदान तीन ॲडमिन हवेत, तिघे तीन कॉलेजांतले आणि त्यांपैकी एक तरी निवृत्तीला लांब असलेला. डोमेनची नूतनीकरणाची तारीख नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा. पासवर्ड लिहू नका, तो कुणाकडे आहे तेवढं लिहा. आपल्याकडे बदली होते, निवृत्ती होते, कुणाची सून अमेरिकेला बोलावून घेते. किल्ल्या बरोबर जातात.

प्रश्न : ग्रुपात रोज ४० शुभ सकाळ. काय करावं?
— फैजपूर

उत्तर : शुभ सकाळसाठी वेगळा ग्रुप काढून द्या. खरंच सांगते. कानबाईचे, आखाजीचे (अक्षय तृतीयेचे), पोळ्याचे फोटो तिथे जाऊ द्या. त्या गप्पांनीच माणसं टिकतात, पण कामाच्या धाग्यात नको. अहिराणीत लिहावं का, असंही तुमच्याच गावच्या एकांनी विचारलंय. बिनधास्त लिहा. ‘माले समजनं नही’ असं कुणी लिहिलं की चार जण लगेच धावतात, ‘कृपया मार्गदर्शन व्हावे’ला कुणी हलत नाही. नोंदवहीतलं उत्तर तेवढं मराठीत लिहा, सोलापूरचा माणूसही ते वाचणार आहे.

प्रश्न : वर्षातून एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटावं असं वाटतं. कुठे, कधी आणि कशासाठी भेटावं? नुसते सत्कार नकोत.
— ग्रंथपाल, भुसावळ

उत्तर : सत्कार नकोत हे लिहिल्याबद्दल तुमचाच सत्कार करावा म्हणते.

कोहाचं जागतिक संमेलन, कोहाकॉन, २०११ मध्ये आपल्या ठाण्याला झालं होतं. तशा संमेलनांची जी रीत आहे ती आपण उचलावी: भाषणांचे दिवस वेगळे आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन एकत्र काम करायचे दिवस वेगळे. आपल्याला एकच दिवस मिळणार, तर भाषणांना सुट्टी द्या.

जागा अमळनेर. माझं गाव म्हणून नाही. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, भुसावळ ओळीने येतात आणि अमळनेर साधारण मध्यावर पडतं. शिरपूरकरांनी एसटीने नरडाण्याला येऊन गाडी धरावी, धुळे आणि चोपडा एसटीने सरळ. चाळीसगावकरांना जळगावहून गाडी बदलावी लागेल, त्यांची माफी मागते.

तारीख आखाजीच्या आसपास नको, बायका माहेरी जातात. एप्रिल परीक्षांचा. दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांना थोडी उसंत असते आणि नोव्हेंबरची नवी आवृत्तीही तेव्हाच येऊ घातलेली असते. ज्यांना येता येणार नाही त्यांच्यासाठी जित्सी या व्हिडिओ-भेटीच्या मुक्त सॉफ्टवेअरवर खोली उघडा, पण कॅमेरे बंद ठेवून फक्त आवाज. डोंगराकडच्या रेंजला तेवढंच झेपतं. एकाने बसून दिवसभर काय ठरतंय ते नोंदवहीत जागच्या जागी टाइप करायचं, म्हणजे आवाज तुटला तरी धडगावला वाचता येईल.

पहिलं काम तो अहिराणी संकेत. प्रत्येकाने आपल्या ग्रंथालयातल्या अहिराणी पुस्तकांची यादी कोहातून काढून आणायची आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत ०४१ दुरुस्त करूनच उठायचं. जेवणाला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी माझ्याकडून. एक्स्टेंशन बोर्ड मात्र आपापले आणा, आमच्या हॉलमध्ये दोनच पॉइंट चालतात.